सुखाची झोप, सुखाची जाग : बौद्ध वाङ्मयातील निद्राविचार

सकाळी घरातील वडीलधाऱ्या माणसाला आपण सहज विचारतो, रात्री झोप लागली का? या प्रश्नात उपचाराचा भाग मोठा असतो; उत्तराची फारशी अपेक्षाही नसते. परंतु ज्याची रात्र महिनोन्‌महिने कूस बदलण्यात सरते, पहाटे डोळा लागतो न लागतो तोच ज्याला उठावे लागते आणि दिवस ओझ्यासारखा वाहावा लागतो, त्याला हाच प्रश्न झोंबतो. अशी माणसे आपल्या विहारांतही येतात. आमच्या साधनेत काही उणे आहे काय, असे त्यांतील काही जण संकोचाने विचारतात. काहींच्या मनात पूर्वजन्मीच्या कर्माची शंका अजून मुरलेली असते. चळवळीत वाढलेले काही कार्यकर्ते याच्या अगदी उलट टोकाला असतात. समाज झोपलेला असताना आपण झोपणे ही त्यांना दुर्बलता वाटते आणि जागरणाने शरीर खचले तरी त्याची त्यांना खंत वाटत नाही.

या तिन्ही समजुतींना बौद्ध परंपरेत आधार आहे काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विनयपिटक, निकाय, अट्ठकथा आणि आपल्या सह्याद्रीतील लेणी यांत निद्रेविषयी जी सामग्री विखुरलेली आहे, ती एकत्र पाहिली असता आमचा निष्कर्ष असा होतो की, तथागतांच्या धम्मात झोप हा शत्रू नाही. सुखाची झोप हे निर्भय आणि निर्वैर जीवनाचे फळ मानले गेले असून, त्यासाठी मनाइतकाच निवारा, अन्न आणि समाजव्यवस्था यांचाही विचार झालेला आहे.

एका प्रश्नाची दोन उत्तरे

झोपेविषयीचा हा घरगुती प्रश्न स्वतः तथागतांना विचारला गेल्याची नोंद विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. विचारणारा होता श्रावस्तीचा श्रेष्ठी सुदत्त, जो पुढे अनाथपिंडिक या नावाने प्रसिद्ध झाला. तो आपल्या मेहुण्याकडे राजगृहाला आलेला असताना 'बुद्ध' हा शब्द त्याच्या कानी पडला. दुसऱ्या दिवशी दर्शनाला जायचे ठरले. त्या रात्री पहाट झाली असे वाटून सुदत्त तीन वेळा उठला. अखेर अंधारातच तो सीतवनाकडे निघाला. वाटेत भयाने त्याचे पाऊल अडखळले, तरी तो पुढे गेला. तथागत पहाटेच्या वेळी उघड्यावर चंक्रमण करीत होते. सुदत्ताने वंदन करून त्यांना जे पहिले विचारले ते हेच की, भगवंतांना झोप सुखाची लागली ना? ज्याची तृष्णा शमली आणि ज्याच्या अंतःकरणातील ताप निवाला तो सर्वदा सुखाने निजतो, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. रात्रभर जागलेला मनुष्य दुसऱ्याच्या झोपेची विचारपूस करतो, हा या प्रसंगातील मानवी भाग आम्हांस विशेष वाटतो.

हाच प्रश्न आळवी येथे हत्थक नावाच्या उपासकाने विचारल्याची नोंद अंगुत्तर निकायात आहे. कडाक्याच्या थंडीचे दिवस होते. तथागत शिंशपा वनातील गुरांच्या वाटेवर पानांच्या अंथरुणावर बसले होते. हत्थकाने शंका काढली की, जमीन गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली, पानांचा थर पातळ, वस्त्र अपुरे आणि वारा बोचरा. अशा स्थितीत सुखाची झोप कशी लागली असेल? तथागतांनी त्याच्यापुढे उलट चित्र ठेवले. वारा न शिरणारे, दारे-खिडक्या मिटलेले घर, लोकरीचे आस्तरण घातलेला पलंग, दोन्ही टोकांना उशा, तेवणारा दिवा आणि सेवेला चार पत्नी, असे सर्व असूनही राग, द्वेष आणि मोह यांपासून उपजलेला दाह त्या गृहस्थाला झोपू देईल काय? हत्थकाने नाही असे उत्तर दिले. तो दाह आपल्या ठायी मुळासकट नष्ट झाला आहे, असे तथागतांनी सांगितले.

या सुत्ताचा एक विपरीत अर्थ काढला जाण्याचा धोका आहे. मन शांत असेल तर गरिबाला फुटपाथवरही झोप लागते, मग घराची मागणी कशाला, असा युक्तिवाद सुखवस्तू माणसाला सोयीचा असतो. परंतु तथागतांनी ती थंडी स्वतः पत्करली होती. ती दुसऱ्यावर लादावी, असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. उलट त्यांनी काय केले, हे विनयातच पाहावयास मिळते.

सेनासन : विहाराचा आरंभ

पालीतील 'सेनासन' हा शब्द शयन आणि आसन या दोहोंपासून बनला आहे. भिक्षूच्या चार आवश्यक वस्तूंत चीवर, पिंडपात आणि औषध यांच्या जोडीला सेनासनाची गणना होते. म्हणजे निजण्या-बसण्याची जागा ही चैन न मानता जीवनाची मूलभूत गरज मानली गेली.

चुल्लवग्गातील सहावा खंध याच विषयाला वाहिलेला आहे आणि सुदत्ताची वर दिलेली कथा त्याच खंधात येते, हा योगायोग नव्हे. आरंभी भिक्षू झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात किंवा गवताच्या गंजीत रात्र काढीत. पहाटे अशा ठिकाणांहून बाहेर पडणारे भिक्षू राजगृहाच्या श्रेष्ठीने पाहिले आणि त्यांच्यासाठी निवारे बांधण्याची अनुज्ञा मागितली. तथागतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुमती दिली आणि श्रेष्ठीने साठ विहार उभारले. थंडी, ऊन, पाऊस, हिंस्र प्राणी आणि डास यांपासून संरक्षण हे विहारदानाचे प्रयोजन तेथे सांगितले आहे. पुढे दार, कडी, खिडकी आणि मंचक यांची अनुज्ञा एकेक अडचण पाहून दिली गेली. डोक्यापुरती उशी चालेल, अर्ध्या अंगाएवढी चालणार नाही, असा बारकावाही तेथे आहे. डासांचा त्रास होऊ लागला तेव्हा मच्छरदाणीसही परवानगी मिळाली. विलासाला नकार आणि गरजेला होकार, असा हा मध्यम मार्ग अंथरुणापर्यंत पोहोचलेला दिसतो.

या विचाराचे दगडी पुरावे आपल्या महाराष्ट्रात आहेत. भाजे, कान्हेरी, जुन्नर येथील लेण्यांत अनेक कोठड्यांमध्ये भिंतीलगत कोरलेले शयनाचे ओटे आजही पाहावयास मिळतात. सहलीला गेलेली मुले त्यांवर क्षणभर आडवी होतात आणि दगडाचा गारवा लागून हसतात. त्या गारव्याची जाण दात्यांनाही होती, असे मानण्यास जागा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात ३००० कार्षापणांची अक्षयनिधी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवल्याचे नमूद आहे. त्यांपैकी २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या व्याजाने ठेवले होते. त्यांचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. ओल्या डोंगरात वर्षावास करणाऱ्याच्या अंगावर वस्त्र असावे, यासाठी असा हिशेब बांधून ठेवलेला होता. अशा रीतीने मनाच्या शांतीचा उपदेश करणाऱ्या परंपरेने पांघरुणाची तरतूद मात्र दैवावर सोडली नाही.

जागरियानुयोग म्हणजे निद्रानिषेध नव्हे

जागृतीचे महत्त्व धम्मात मोठे आहे, हे खरे. पाच नीवरणांत 'थीनमिद्ध' म्हणजे आळस व सुस्ती यांचा समावेश आहे आणि 'जागरियानुयोग' हा भिक्षूच्या शिक्षणाचा भाग आहे. मात्र या जागरियानुयोगाची व्याख्या पाहिली पाहिजे. रात्रीचे तीन याम मानले जात. पहिल्या यामात चंक्रमण व आसनस्थ साधना, मधल्या यामात उजव्या कुशीवर सिंहशय्या आणि शेवटच्या यामात उठून पुन्हा साधना, असा तो क्रम आहे. जागृतीच्या या नियमातच झोपेसाठी रात्रीचा मध्य राखून ठेवला आहे. निजताना केव्हा उठावयाचे याची खूणगाठ मनाशी बांधून निजावे, हेही त्यात सांगितले आहे. हा क्रम घरसंसार आणि उत्पादक श्रम यांपासून मुक्त असलेल्या भिक्षूसाठी होता. आठ तास अंगमेहनत करणाऱ्या उपासकाने त्याच्या तासांचे अनुकरण करावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

महामोग्गल्लान साधनेत पेंगत असताना तथागतांनी त्यांना सांगितलेले उपाय प्रसिद्ध आहेत. चिंतनाचा विषय बदलावा, ऐकलेला धम्म आठवावा, त्याचे पठण करावे, कान ओढावेत व अंग चोळावे, डोळ्यांना पाणी लावून नक्षत्रांकडे पाहावे, प्रकाशाची संज्ञा मनात धरावी, चंक्रमण करावे, असे ते क्रमाने येतात. एवढ्यानेही सुस्ती गेली नाही तर अखेरचा उपाय कोणता? उजव्या कुशीवर स्मृतिपूर्वक निजावे आणि जाग येताच उठावे. शरीर खरोखरच थकले असेल तर झोप हेच औषध आहे, अशी ही स्पष्ट कबुली आहे.

मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तातील प्रसंग तर अधिक बोलका आहे. आपण दिवसा निजल्याचे आपल्याला आठवते काय, असा खोचक प्रश्न सच्चक निगंठपुत्ताने केला. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात भोजनानंतर चीवराची चौघडी घालून आपण उजव्या कुशीवर निजल्याचे आठवते, असे तथागतांनी सरळ सांगितले. काही श्रमण याला मोह म्हणतात, असे सच्चक म्हणाला. तेव्हा मोहाचे लक्षण झोप नसून न सुटलेले आस्रव आहेत, असे उत्तर त्याला मिळाले.

अट्ठकथेतील चक्खुपाल थेरांची कथा याच्या जोडीने वाचण्यासारखी आहे. वर्षावासात तीन महिने पाठ टेकावयाची नाही, असा त्यांनी निश्चय केला. डोळे आले. वैद्याने औषध निजून घालावयास सांगितले, त्यांनी ते बसूनच घातले आणि दृष्टी गेली. परंपरेने त्यांच्या निष्ठेचा गौरव केला आहे. परंतु त्यांची वाट सर्वांसाठी नियम बनविली नाही. न निजण्याचे व्रत हे तेरा धुतांगांपैकी शेवटचे असून ते ऐच्छिकच राहिले.

झोप का उडते?

झोप न येण्याच्या ज्या कथा बौद्ध वाङ्मयात येतात, त्यांत कारणे निरनिराळी आहेत, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. सुदत्ताची झोप उत्कंठेने उडाली. अजातशत्रूची अपराधाने उडाली. बुद्धघोषांच्या अट्ठकथेनुसार पित्याच्या हत्येपासून त्याला रात्रंदिवस झोप नव्हती. आम्रवनात तथागतांचा उपदेश ऐकून आणि आपला अपराध त्यांच्यापुढे कबूल करून परतल्यावर त्याला झोप लागू लागली. तथापि अपराध पुसला गेला, असे परंपरा म्हणत नाही.

उदानातील शाक्य राजा भद्दियाचे दुःख भयाचे होते. महालात, नगरात आणि जनपदात, आत-बाहेर पहारे असूनही तो साशंक राहत असे. भिक्षू झाल्यावर झाडाखाली बसून तो सुखाचे उद्गार काढू लागला, तेव्हा सोबत्यांना वाटले की राज्यसुख आठवून हा बोलतो आहे. प्रत्यक्षात तो निर्भयतेचे सुख बोलून दाखवीत होता. कोसलराज पसेनदीची कथा याच्या उलट आहे. द्रोणभर भाताचे भोजन करून तो सुस्तावत असे. आहाराचे प्रमाण जाणण्याविषयीची गाथा रोज जेवताना म्हणण्यासाठी त्याने सुदस्सन नावाच्या तरुणाला नेमले आणि त्याचा आहार क्रमाने नाळीभर भातावर आला. उपाय हळूहळू केला, म्हणून तो टिकला.

व्याधींची कारणे अशी अनेक असतात, हे तथागतांनी तत्त्व म्हणूनही मांडले आहे. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की, मनुष्य जे काही भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे योग्य काय? तथागतांनी पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, शरीराची विषम निगा, आघात आणि कर्म अशी आठ कारणे सांगितली आणि सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारे सत्याच्या पलीकडे धावतात, असे बजावले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य व दुःख समर्थनीय ठरविण्याला जो विरोध केला, त्याची येथे आठवण होते. झोप न लागणाऱ्या उपासकाला पूर्वकर्माचा धाक घालणे हे धम्माला सोडून आहे.

दीघ निकायातील कूटदंत सुत्त तर हा विषय व्यक्तीच्या पलीकडे नेते. राज्यात लूटमार माजली असता पुरोहित राजाला सांगतो की, शिक्षांनी हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे. राजाने तसे केल्यावर लोक मुलांना खेळवीत, घरांची दारे उघडी ठेवून राहू लागले, असे वर्णन येते. दार उघडे ठेवून निजता येणे ही सामाजिक न्यायाची याहून साधी खूण दुसरी कोणती असू शकते? ज्या वस्तीवर काल हल्ला झाला तेथील आईला आज केवळ मैत्रीभावना करून झोप लागणार नाही. मैत्रीभावनेच्या अकरा लाभांतील पहिले तीन सुखाने निजणे, सुखाने जागे होणे आणि वाईट स्वप्न न पडणे हे आहेत. ते लाभ खरे आहेत. पण वस्तीचे रक्षण करणे हे राज्याचे आणि समाजाचे काम आहे, त्याची भरपाई मैत्रीभावनेने होत नाही.

आपल्या काळातील रात्र

आपल्या पूर्वपिढीची रात्र कशी होती, याचे एक चित्र बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना कुटुंब परळच्या चाळीतील एका खोलीत राहत होते. मुलाने लवकर निजावे, सुभेदार रामजींनी रात्री दोन वाजेपर्यंत जागावे, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे व्हावे, अशी वाटणी चरित्रकारांनी नोंदविली आहे. या कथेतून आपण जागरणाचा धडा घेतो. परंतु ज्या जागेत दोघांना एका वेळी नीट निजता येत नव्हते, त्या जागेविषयीही ती काही सांगते. ज्या बापाने आपली झोप पुढे ढकलली, त्याने मुलाला मात्र आधी निजविले, हेही विसरता येत नाही.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला. १९४६ च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कमाल काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणले. कामगाराच्या पदरात पडलेले ते सहा तास विश्रांतीचेही होते. सेनासनाची अनुज्ञा आणि हा कायदा यांचे काळ निराळे आहेत. परंतु थकलेल्या देहाला विसावा देणे हे शासनाचे व संघाचे कर्तव्य आहे, ही दृष्टी दोहोंत समान दिसते.

आजचे वैद्यकशास्त्र काय सांगते, हेही पाहणे इष्ट आहे. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने झोप लागण्यास वा टिकण्यास अडचण येत असेल व दिवसाच्या कामावर तिचा परिणाम होत असेल, तर ती जुनाट अनिद्रा मानली जाते. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी अंथरुण आणि जागरण यांची मनात पडलेली गाठ सोडविण्याची पद्धत मांडली. खरोखर झोप आली तरच अंथरुणावर जावे, ती येत नसेल तर उठून दुसरीकडे बसावे, पेंग आल्यावर परतावे आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे, असे तिचे स्वरूप आहे. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी अंथरुणावरील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका मर्यादित करून तो हळूहळू वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या व इतर घटकांनी बनलेला मानसोपचार हाच जुनाट अनिद्रेवरील पहिला उपचार असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली.

हे सर्व तथागतांनी आधीच सांगून ठेवले होते, असा दावा आम्ही करीत नाही. मोग्गल्लानांना सांगितलेले चंक्रमण पेंग घालविण्यासाठी होते, झोप आणण्यासाठी नव्हते. तरीही ठरल्या वेळी उठणे, मिताहार आणि अंथरुणाला झोपेपुरतेच ठेवणे या सवयी आपल्या परंपरेला परक्या नाहीत, एवढे निश्चित म्हणता येईल. घोरताना श्वास अडकत असेल, मन सतत खिन्न असेल, अंगात वेदना असेल किंवा रात्रपाळीने दिवस-रात्र उलटली असेल, तर वैद्यकीय सल्ला घेतला पाहिजे. वाहन किंवा यंत्र चालविणाऱ्यांनी, तसेच फेफरे वा गंभीर मनोविकार असणाऱ्यांनी झोपेचा वेळ कमी करण्याची पद्धत स्वतःच्या मनाने सुरू करू नये. चालू असलेल्या झोपेच्या गोळ्याही एकाएकी बंद करू नयेत. तथागतांनी औषधाची गणना चार आवश्यक वस्तूंत केली आहे. औषध घेणाऱ्याची श्रद्धा कमी ठरत नाही.

अखेरीस आनंद थेरांचे स्मरण करून हा लेख पुरा करतो. राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री ते अर्हत् झालेले नव्हते. सकाळी सभेत बसावयाचे होते. रात्रीचा बराच भाग त्यांनी कायगतास्मृतीत घालविला. पहाट होत आली तेव्हा आता आडवे व्हावे, असे त्यांच्या मनात आले. पाय जमिनीवरून उचललेले आणि डोके अजून उशीला टेकलेले नाही, एवढ्या अवकाशात त्यांचे चित्त मुक्त झाले, असे चुल्लवग्ग सांगतो. झोप आणि विमुक्ती या एक नव्हेत. परंतु ज्या रात्री मनुष्य झोपेसाठी स्वतःशी झगडत असतो, त्या रात्री त्याने आनंदांची ही पहाट आठवावी. त्यांनी प्रयत्न पुरता केला आणि मग पाठ टेकण्यास त्यांना संकोच वाटला नाही.